घोडा जी५ वर आला की काळ्याने काय करावं

दादर-बोरिवलीच्या शाळांमधल्या रविवारच्या बुद्धिबळाच्या रॅपिड (कमी वेळाच्या) स्पर्धा असोत की विरार लोकलमध्ये मोबाइलवर चाललेला पाच मिनिटांचा डाव, काळे मोहरे घेतलेला नवखा खेळाडू नेहमी याच जागी अडकतो: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५. उंट आणि घोडा दोघांचा नेम एफ७ वर, आणि त्या प्याद्याला जोर फक्त राजाचा.

एच६ खेळून घोड्याला हुसकावायचा मोह इथे होतो. पण घोडा एफ७ मारून वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम पडतो. राजाला तो मारताही येत नाही, कारण मागून सी४ च्या उंटाचा जोर आहे. म्हणून ४... डी५. उंटाची वाट बंद. पांढरा ५. ई प्याद्याने डी५ मारतो.

आता हात आवरा. डी५ घोड्याने परत मारणं हीच ती चूक. पांढरा ६. घोडा एफ७ असा बळी देतो, राजाला घ्यावाच लागतो, मग ७. वजीर एफ३ शह. हा शह देतानाच वजीर डी५ च्या घोड्यावरही पडतो. राजा जी८ वर पळाला तर ८. उंट डी५ वर मारून शह. वजिराने उंट घेतला की पांढरा वजीर डी५ मारतो, उंट ई६ वर मध्ये घातला की तोही मारतो आणि मात! राजा ई६ वर आला तर ८. घोडा सी३. काळ्याचा डी५ चा घोडा पिनमध्ये (हलला तर राजा उंटाच्या माऱ्यात) आणि राजा भर चौकात. कॉम्प्युटर इथेही तग धरेल. घड्याळात आठ मिनिटं उरलेला माणूस सहसा धरत नाही. या हल्ल्याचं नाव ‘फ्राइड लिव्हर’, म्हणजे आपली कलेजी फ्राय. शिवाय पांढऱ्याने बळीआधी ६. डी४ खेळलं तर काळ्याची अवस्था आणखी वाईट.

बरोबर चाल ५... घोडा ए५. कडेचा घोडा लंगडा असं शिकवतात, पण इथे तो उंटावर हल्ला करतच कडेला जातो. पांढरा बहुधा ६. उंट बी५ शह देतो. सी६ घाला, डी प्याद्याने सी६ मारू द्या आणि बी प्याद्याने परत घ्या. घोड्याने नको! बी प्याद्याने घेतलं की उंटावर पुन्हा हल्ला येतो, आणि एक प्यादं गमावून तुम्ही जो वेळ विकत घेत आहात तो इथूनच मिळतो. प्यादं कमी आहे म्हणून घाबरून वजीर बदलायला निघालात तर तो सौदा बुडीत गेला.

उंट कुठे जातो ते पाहून पुढची चाल ठरवा. ८. उंट ई२ ला एच६. घोडा एफ३ वर परतला की ई४, तो ई५ वर उडी मारतो, तुम्ही उंट डी६. त्याने डी४ दोन घरं टाकलं तर लगेच आँ पासाँ घ्या, म्हणजे ते एकच घर पुढे आल्यासारखं डी३ वर मारा. घोड्याने डी३ वर परत मारलं की वजीर सी७. आता वजीर आणि उंट दोघे एच२ कडे बघतात. कॅसलिंग करा (राजा हत्तीच्या बाजूला दोन घरं, हत्ती उडी मारून त्याच्या शेजारी), हत्ती ई८ वर आणा. ए५ चा घोडा विसरू नका: सी५ खेळून सी६ चं घर मोकळं करा आणि त्याला परत आणा, नाहीतर शेवटपर्यंत तो प्रेक्षकच.

नववी चाल घोडा एच३ अशीही येते. पहिला जगज्जेता स्टाइनिट्झ ती खेळायचा, पुढे जगज्जेता झालेल्या फिशरने १९६३ मध्ये अमेरिकन ग्रँडमास्टर बिस्गायरविरुद्ध खेळली. विचित्र दिसते म्हणून हसू नका. उंट डी६ आणि कॅसलिंग पुरे. उंटाने तो घोडा मारून प्यादी विस्कटायची घाई नको, कारण त्याबरोबर तुमची दोन उंटांची जोडी जाते.

८. उंट डी३ ला मात्र एच६ नको. घोडा ई४ वर उंटाच्या जोरावर आरामात बसतो. घोडा डी५ खेळा: वजिराची रेघ उघडते, जी५ चा घोडा मार खातो आणि तुमच्या घोड्याला एफ४ दिसू लागतं. ८. वजीर एफ३ वर उंट मारू नका, ए८ चा हत्ती जाईल. हत्ती बी८ वर सरकवा, मग उंट खरोखर धोक्यात येतो.

शह न देता कोणी ६. डी३ खेळला तर एच६, घोडा एफ३, ई४, वजीर ई२, आणि मग ए५ च्या घोड्याने सी४ चा उंट घ्या. डी प्यादं परत घेईल. तुम्ही उंट सी५.

एवढं पाठ करायला वेळ नसेल तर तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट सी५ खेळा. लगेच घोडा जी५ वर आला तर तुमचा वजीर तो फुकट खातो. पुढे डी३, घोडा एफ६ झाल्यावर तो जी५ वर आला तर सरळ कॅसलिंग करा. मग एफ७ वर घोडा आणि उंट दोन्ही देऊन त्याला हत्ती आणि प्यादं मिळतं. गुण मोजले तर हिशेब सारखा, पण डाव सुरू होताहोताच त्याचे बाहेर आलेले दोन्ही मोहरे संपलेले असतात.