प्रयोगशाळेतला रासायनिक कचरा: या चुका टाळा

प्रात्यक्षिकाची शेवटची पाच मिनिटं उरली की आवराआवरीची घाई होते आणि उरलेलं द्रावण हाताशी असेल त्या बाटलीत नाहीतर बेसिनमध्ये जातं. कचऱ्याचा विचार तेव्हा सुरू करणं हीच मूळ चूक. कुठलं द्रावण कुठल्या बाटलीत जाणार, हे प्रयोगाच्या कृतीतच लिहा आणि बाटल्या बॅच येण्याआधी मांडून ठेवा.

सगळ्यात घातक सवय म्हणजे सगळ्या कचऱ्याला एकच बाटली. ॲसिटोन किंवा अल्कोहोल असलेल्या बाटलीत संहत नायट्रिक आम्ल पडलं तर लगेच काही दिसेलच असं नाही. पण थोड्या वेळाने अभिक्रिया वेग घेते, वायू साठतो आणि बूच घट्ट असेल तर बाटली फुटते. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन, सल्फाइडमध्ये पडलं की हायड्रोजन सल्फाइड. दोन्ही विषारी. क्लोरोफॉर्म आणि डायक्लोरोमीथेनसाठीही स्वतंत्र बाटली हवी. असे द्रावक जाळताना हायड्रोजन क्लोराइड तयार होतो, म्हणून त्यांची विल्हेवाट वेगळ्या पद्धतीने लावावी लागते.

टॉलेन्स अभिकर्मकाकडे, म्हणजे अल्डिहाइड ओळखायला वापरतात त्या चांदीच्या द्रावणाकडे, फार दुर्लक्ष होतं, आणि ते मला खरंच काळजीचं वाटतं. नळीत चांदीचा आरसा छान आला म्हणून नळ्या दुसऱ्या दिवसापर्यंत तशाच ठेवतात. त्या द्रावणात स्फोटक सिल्व्हर नायट्राइड तयार होऊ शकतं. त्याच तासाला विरल नायट्रिक आम्लाने ते आम्लधर्मी करा आणि मग चांदीच्या कचऱ्यात टाका. अभिकर्मक साठवून ठेवूच नका.

‘भरपूर पाणी सोडलं की झालं’ हे सॉल्ट ॲनालिसिसला, म्हणजे क्षारातले आयन ओळखण्याच्या प्रयोगांना, लागू नाही. शिसं, बेरियम, क्रोमियम पाण्याने पातळ होतात, नाहीसे होत नाहीत. टायट्रेशनमधलं साधं विरल आम्ल किंवा अल्कली, त्यात धातू नसतील तर, सामू (pH) 6 ते 8 वर आणून स्थानिक नियमांनुसार सोडता येतं. मुळात थेंबभर द्रावण घेऊन स्पॉट प्लेटवर (छोटे खळगे असलेल्या ताटलीवर) चाचणी केली, तर यातला बराचसा कचरा तयारच होत नाही.

लेबलवर नुसतं ‘वेस्ट’ लिहू नका. प्रत्येक घटकाचं पूर्ण नाव, अंदाजे प्रमाण आणि तारीख लिहा. बाटली काठोकाठ भरू नका.

आणि गडबड झालीच तर? ओतल्यावर बाटली गरम लागली किंवा बुडबुडे आले, तर बूच लावू नका. ती फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) असेल तर काच खाली ओढा आणि सगळ्यांना बाहेर काढा. बंद बाटली फुगलेली दिसली तर तिला हातही लावू नका. खोली रिकामी करून सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवा. लेबल नसलेली बाटली सापडली तर वास घेऊन ओळखायला जाऊ नका, दुसऱ्या बाटलीतही ओतू नका. ‘अज्ञात’ असं लेबल लावा आणि त्या टेबलावर आधी कुठले प्रयोग झाले, ते प्रात्यक्षिकांच्या नोंदवहीत शोधा.