रेसिंगचे पॅड आणि डिसेंबरातला दूधवाला: ब्रेक पॅड बदलताना या चुका टाळा

उन्हाळा लागला की माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, आपल्या नागपूरचं ऊन म्हणजे ४५ डिग्री. कंपनीचे पॅड कसे टिकतील? डायरेक्ट रेसिंगचेच टाकतो ना." ऑक्टाव्हिया आरएस असो की आय-२० एन लाइन, वाक्य तेच.

बाबा रे, पॅडला तुझ्या उन्हाचं काही पडलेलं नाही. घाटात जोरजोरात ब्रेक मारत उतरलास की डिस्क, म्हणजे पॅड जिला पकडतात ती चाकासोबत फिरणारी तबकडी, सहज ३०० अंशांच्या पुढे जाते. तिथे हवा ४५ची की २५ची, याला कोण विचारतं? उलट नागपूर सपाट. धरमपेठ ते सीताबर्डी सिग्नल-सिग्नल करत जाणाऱ्या गाडीचे ब्रेक धड तापतही नाहीत, आणि ट्रॅकचे, म्हणजे रेसिंगचे, पॅड तापल्याशिवाय पकडत नाहीत.

एका मित्राला हे सांगून पाहिलं. टर्बो हॅचबॅक, बाहेरून मागवलेले लालभडक ट्रॅकचे पॅड, किंमत सांगताना छाती फुगलेली. मे महिन्यात स्वारी खूश. डिसेंबरात सकाळी साडेसहाला सेमिनरी हिल्सच्या उतारावर पहिलाच ब्रेक मारला. पेडल दगडासारखं कडक, पाय पूर्ण दाबलेला, आणि गाडी आपली सरकतेच आहे. शेवटी हँडब्रेक ओढला, तेव्हा दूधवाल्याच्या मोटरसायकलपासून हातभर अंतरावर थांबली. दूधवाला जे बोलला ते इथे लिहिता येत नाही. चाक काढून पाहिलं तर सात महिन्यांत डिस्कवर बोटाला लागतील असे चरे. थंड असताना असले पॅड डिस्क खातात.

रोज ऑफिस आणि कधीमधी चिखलदरा असेल, तर कंपनीचे किंवा त्याच्या एक पायरी वरचे रस्त्यासाठीचे पॅड घ्या. बऱ्याच पॅडच्या कडेला दोन अक्षरं छापलेली असतात. पहिलं कमी तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.४५पर्यंत, जी त्याच्या वर. मी एफएफच्या खाली जात नाही. अक्षरं सारखी म्हणून दोन पॅड सारखे ठरत नाहीत, पण डब्यावरच्या चित्रापेक्षा हे बरं.

आता बसवण्याकडे. कॅलिपर, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ब्रेक ऑइलच्या होस पाइपला लटकवू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. पॅड कायम जोडीने बदला, एकाच चाकाचे नको. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, डिस्क त्याहून पातळ झाली नाही ना ते मोजा. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन काढून पुसा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. घरातलं कुठलंही ग्रीस लावलंत तर रबर फुगून पिन अडकते. मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर पिस्टन बहुधा फिरवत आत घालावा लागतो. सी-क्लॅम्पने दाबून तो मोडणारे महाभाग मी पाहिलेत.

एक चूक मात्र माझी स्वतःची. पिस्टन मागे ढकलले, चाकं बसवली, रुबाबात स्टार्टर दिला, रिव्हर्स टाकला. पेडल सरळ तळाला! मागच्या बंपरने घराचं गेट वाकवलं. पिस्टन आत असताना पहिले काही दाब त्यांना पुढे आणण्यातच जातात. तेव्हापासून पेडल कडक होईपर्यंत मी किल्लीला हात लावत नाही.

सगळ्यात जास्त घाई होते ती पॅड सेट करताना, म्हणजे नवे पॅड बेताने तापवून डिस्कशी जुळवून घेताना. शुक्रवारी रात्री पॅड, शनिवारी चिखलदरा! परतवाड्याकडे उतरताना जळका वास आला की फोन: "पॅड बोगस निघाले." मी एकच विचारतो, पेडल कसं होतं? कडक असूनही गाडी थांबत नसेल तर पॅड तापलेत. पेडल स्पंजासारखं झालं असेल तर ब्रेक ऑइल उकळलंय. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलं की ही मर्यादा १५५पर्यंत उतरू शकते. चार वर्षं जुनं, चहाच्या रंगाचं ऑइल ठेवून हजारोंचे पॅड घालायचे म्हणजे काय बोलावं?

पॅड सेट करायची माझी सवय अशी: रविवारी पहाटे काटोल रोडचा मोकळा तुकडा, ६०वरून १०पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, मध्ये अर्धा मिनिट गाडी चालती. पूर्ण थांबायचं नाही, नाहीतर तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर चिकटतो. पुढे स्टिअरिंग थरथरलं की लोक "डिस्क वाकडी झाली" म्हणतात. मग दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता घरी. हे समृद्धीवर करू नका, मागून १२०ने येणाऱ्याला तुमचे पॅड नवे आहेत हे माहीत नसतं.

आणि किरकिर थांबावी म्हणून पॅडच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीस फासलं असेल, तर ते पॅड पेट्रोलने धुऊन चालतील का, हे मला विचारू नका. फेकून द्या.