लोकल सर्चने परीक्षेचं वेळापत्रक बसवताना या चुका टाळा

लोकल सर्च म्हणजे एक कच्चं वेळापत्रक घेऊन, त्यात छोटे छोटे बदल करत ते सुधारत नेणं. वेळापत्रक फसलं की दोष अल्गोरिदमला दिला जातो. खोट बहुतेक वेळा त्याच्याही आधी, टकरींच्या यादीत असते. कोणते दोन पेपर एका सत्रात नकोत हे अभ्यासक्रम बघून ठरवू नका. तृतीय वर्षाच्या मुलाला दुसऱ्या वर्षाची एटीकेटी असली की दोन्ही पेपर एकाच सकाळी येतात. परीक्षा अर्जांवरून, विद्यार्थीनिहाय यादी काढा. विलंब शुल्काचे अर्जही धरा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या छोट्या कॉलेजात असा एखादाच विद्यार्थी असेल, पण त्याचं वर्ष तेवढ्यावर अडतं.

सर्च एकाच जागी अडकलाय? मग तुम्ही एकेकटा पेपर हलवत असणार. घट्ट वेळापत्रकात तशी जागाच उरत नाही. त्याऐवजी केम्प साखळी वापरा, म्हणजे दोन सत्रांतले एकमेकांशी टकरणारे पेपर एकदमच अदलाबदल करा. समजा भौतिकशास्त्र सोमवारवरून गुरुवारी न्यायचंय, पण तिथल्या रसायनशास्त्राशी टक्कर होते. रसायन सोमवारी आणा. तिथे त्याची गणिताशी टक्कर झाली, तर गणित गुरुवारी. टक्कर संपेपर्यंत हेच चालू ठेवा. या अदलाबदलीने नवी टक्कर होत नाही. बाकं पुरतात का, हे मात्र दर वेळी तपासा.

सिम्युलेटेड ॲनिलिंग ही लोकल सर्चचीच एक पद्धत: सुरुवातीला वाईट बदलही स्वीकारायचे, मग हळूहळू कडक व्हायचं. ही सूट किती, हे ठरवणारा आकडा म्हणजे तापमान; सुरुवातीचं तापमान अंदाजाने टाकू नका. एकूण दंड (वेळापत्रकातल्या गैरसोयींची बेरीज) 10 ने वाढवणारा बदल सुरुवातीला 80 टक्के वेळा स्वीकारायचा असेल, तर तापमान साधारण 45 येतं. दंड फक्त हललेल्या पेपरांपुरता मोजा, नाहीतर वेग मरतो. अधूनमधून पूर्ण बेरीज करून ताळा घ्या. फरक आला तर कोडमध्ये चूक आहे.

पेपरांतल्या अंतरासाठी 1996 पासून रूढ असलेले 16, 8, 4, 2, 1 हे दंड (एकाच विद्यार्थ्याचे दोन पेपर लागोपाठच्या सत्रांत आले तर 16, अंतर वाढेल तसा कमी) बरेच जण जसेच्या तसे उचलतात. ते सत्रं मोजतात, तास नाही. त्यामुळे शनिवार दुपार आणि सोमवार सकाळ शेजारी ठरतात, आणि आज दुपार ते उद्या सकाळ हा जोडही तेवढ्याच दंडाचा. संध्याकाळच्या एसटीने आडगावी पोचून पहाटेच्या गाडीने परत निघणाऱ्या मुलीला दुसरा जोड कितीतरी जड जातो. त्याला वेगळा, मोठा दंड लावा.

पावसाने एखादा दिवस रद्द झाला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून चालवू नका. जाहीर झालेल्या तारखेवरून हलणाऱ्या प्रत्येक पेपरला दंड लावा आणि शेवटी दोन सत्रं आधीपासूनच रिकामी ठेवा.