हर्पीसची शंका? आधी फोड दाखवा, रक्ताचं नंतर बघू

इंदूरात पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर माझी बरीच वर्षं गेली. "मॅडम, वो सब वाली जाँच करानी है," असं कुणी खालमानेनं म्हटलं आणि फॉर्मवरचं आडनाव मराठी निघालं, की मी सरळ मराठीत विचारते, "आत्ता फोड आहे का?" पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं.

फोड असेल तर हर्पीससाठी, म्हणजे शरीरसंबंधातून लागणाऱ्या, गुप्तांगाजवळ फोड आणणाऱ्या विषाणूसाठी, रक्त देऊ नका. त्वचारोगतज्ज्ञ गाठा, आज नाहीतर उद्या. हे फोड बहुधा झुपक्यानं येतात, बारीक आणि पाणीदार. फुटले की झोंबतात, लघवीलाही आग होते. फोड ताजा असेपर्यंत त्यातला स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीनं टिपलेला नमुना, घेऊन पीसीआर (विषाणूच शोधणारी टेस्ट) करता येतो, आणि हर्पीसच्या दोन प्रकारांपैकी विषाणू एचएसव्ही-१ आहे की २, तेही कळतं. खपली धरली की विषाणू हाती लागण्याची शक्यता घटते. मेडिकलवाल्यानं दिलेलं खाजेचं मलम तर मुळीच चोळू नका. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. दुखणं चिघळतं आणि डॉक्टरांना मूळ फोड ओळखू येत नाही. एकच जखम असेल आणि ती दुखत नसेल, तर सिफिलिस हा संबंधातून लागणारा दुसरा आजारही असू शकतो. म्हणून व्हीडीआरएल (सिफिलिसची टेस्ट) आणि एचआयव्हीची तपासणी सोबत करून घ्यावी. त्यांना मात्र रक्तच लागतं.

फोड नाही, नुसती धास्ती आहे? मग कॅलेंडर बघा. फोड यायचे तर संबंधानंतर साधारण २ ते १२ दिवसांत येतात. पुष्कळांना येतच नाहीत, किंवा इतके किरकोळ येतात की लक्षात राहत नाही. रक्ताच्या टेस्टमध्ये शोधतात ती आयजीजी प्रतिपिंडं (विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेली) मात्र तयार व्हायला १२ आठवडेही लागू शकतात. संबंध होऊन आठवडाही झाला नाही आणि निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन माणूस खुशीत घरी जातो, तेव्हा मला त्याच्या पैशांचं वाईट वाटतं.

आयजीएम, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची टेस्ट, करूच नका. ती टेस्ट नवा संसर्ग आणि जुना यांत फरक करू शकत नाही, उगाच पॉझिटिव्हही येते. पॅकेजात असली तर काढायला सांगा. आयजीजी 'टाइप-स्पेसिफिक', म्हणजे १ आणि २ वेगवेगळे ओळखणारी, आहे ना, हे विचारा. एचएसव्ही-१ पॉझिटिव्ह आला म्हणून बायकोवर किंवा नवऱ्यावर संशय नको: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या जवळपास दोन-तृतीयांश लोकांत तो असतो, बहुतेकांना लहानपणीच लागलेला. एचएसव्ही-२ चा आयजीजी रिपोर्टवरचा आकडा पॉझिटिव्ह पण ३ च्या खाली असेल, तर दुसऱ्या पद्धतीनं खात्री केल्याशिवाय मानू नका.

कुठं जायचं? खासगी डॉक्टर परवडत नसेल तर इंदूरचं सरकारी एमवाय रुग्णालय आहेच. सरकारी मेडिकल कॉलेजांत आणि जिल्हा रुग्णालयांत अशा आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' चालतं. तिथं समुपदेशक असतो आणि औषध फुकट मिळतं. हर्पीसच्या फोडांसाठी लाल रंगाचं किट, त्यात असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध. जायचा धीर होत नसेल तर आधी १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनवर बोला, फोन मोफत आहे. औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झालं तर जास्त गुण येतो. पटरीलगतच्या भिंतींवर 'शर्तिया इलाज' रंगवणाऱ्यांकडे जाऊ नका. हा विषाणू मज्जातंतूंमध्ये दडून राहतो, त्याला कायमचं घालवणारं औषध अजून निघालेलं नाही. पुन्हा फोड आले तर ते लवकर आवरतात, आणि सहसा दर वर्षी कमी होत जातात.

एक खास काउंटरवालीची सूचना. लॅबच्या कॉम्प्युटरात तुमच्या नावापुढं जुना नंबर असतो, बरेचदा बाबांचा किंवा वहिनीचा, आईची शुगर तपासली होती तेव्हाचा. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर तिकडंच जातो. पैसे भरायच्या आधी नंबर बदलून घ्या आणि पावतीवर वाचून बघा.

फोड पूर्ण सुकेपर्यंत संबंध नकोत, कंडोम असला तरी. कंडोमनं झाकलेल्या जागेबाहेरूनही लागण होते. आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या डॉक्टरांना हे सांगायलाच हवं, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. आईला तेव्हा पहिल्यांदा लागण झाली तर बाळंतपणात बाळाला धोका असतो.