सिनेमा पाहून रिअ‍ॅक्शन पेपर लिहिताय?

समाजशास्त्राचा रिअ‍ॅक्शन पेपर म्हणजे सिनेमा बघताना आपल्याला काय झालं, ते या विषयातल्या संकल्पनेच्या मदतीने तपासणं. त्यामुळे पहिलं म्हणजे गोष्ट सांगत बसू नका. सिनेमा वर्गात मीच लावला होता, शेवट मला ठाऊक आहे. तरी दर वर्षी टी.वाय.च्या गठ्ठ्यातले कितीतरी पेपर ‘या चित्रपटाची सुरुवात’ इथून निघतात आणि दीड पानानंतर ‘हा चित्रपट समाजाचा आरसा आहे’ इथे येऊन थांबतात. कथेला चार ओळी, बस्स. अभिनय कसा झाला, संगीत कसं होतं, हे परीक्षणात लिहा. इथे त्याला मार्क नाहीत.

मार्क आहेत ते तुम्ही कुठे हसलात, कुठे चिडलात, कुठे नजर फिरवलीत आणि तसं का झालं, याला. ‘मला वाईट वाटलं’ ही नुसती सुरुवात झाली.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) घेऊ. मुंबईतलाच सिनेमा. मॅनहोलमध्ये उतरणारा एक सफाई कामगार मरतो. नारायण कांबळे या शाहिराच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून शाहिरावर खटला चालतो. झाली गोष्ट सांगून. यात कॅमेरा बहुतेक वेळा लांब, एका जागी उभा असतो. कुणाकडे बघायचं ते सांगत नाही. म्हणून तुम्ही कुणाकडे बघत होतात, हीच पहिली नोंद.

सरकारी वकील नूतन बघा. कोर्टात ती कलमं वाचून दाखवते, शाहिराच्या जामिनाला विरोध करते. वर्गाला तिचा राग येतो. मग ती लोकलने घरी निघते, वाटेत मुलाला घेते, घरी पोचून स्वयंपाकाला लागते, आणि मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते. एका मुलीने लिहिलं होतं, ‘यानंतर मला तिच्यावर नीट चिडता येईना. माझी आईपण ऑफिसातून आल्या आल्या कुकर लावते.’ वाचून मी पेन खाली ठेवलं. पण पुढच्याच ओळीत बाई दुसऱ्या सीनवर! अहो, तिथेच तर थांबायचं होतं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी 1989 च्या पुस्तकात नोकरीवरून परतलेल्या बाईच्या घरकामाला ‘दुसरी पाळी’ म्हटलं. ती संकल्पना इथे आणा आणि स्वतःला विचारा: घरातली पाळी बघून मला कोर्टातल्या नूतनला माफ का करावंसं वाटलं? मेलेल्या कामगाराच्या बायकोला मी तेवढा वेळ दिला का?

याहून अवघड जागा नाटकाची. नूतन घरच्यांबरोबर नाटकाला जाते. स्टेजवर परप्रांतीयांना सुनावलं जातं आणि थिएटर खूश होतं. आमच्या वर्गातही काही जण हसतात. हसलात ना? मग तेच लिहा. ‘हे चुकीचं आहे’ असं साळसूद वाक्य टाकून हसू लपवू नका, पेपर त्या हसण्यातच आहे. शेजारी बसलेल्या मुलीचे वडील जौनपूरहून येऊन इथे टॅक्सी चालवत असतील आणि ती हसली नसेल, तर तिने ते लिहावं. समाजशास्त्रज्ञ विल्यम सम्नर यांनी 1906 मध्ये मांडलेली ‘आपला गट, परका गट’ ही जोडी दोघांनाही लागू पडेल, फक्त दोन टोकांकडून.

स्वतःची जागा सांगताना ओशाळू नका आणि मिरवूही नका. जात, भाषा, चाळ की टॉवर, घरात कमावतं कोण, यातलं त्या प्रतिक्रियेशी ज्याचा संबंध आहे तेवढंच. अख्खी कुंडली नको. जे सांगायचं नाही ते सांगू नका; दुसरा प्रसंग निवडा.

बाकी कामाची पद्धत साधी. पहिल्यांदा बघताना वही उघडी, मोबाइल उलटा. वेळ, प्रसंग आणि आपल्याला काय झालं, एवढंच खरडा. ‘बोअर’ असंही चालेल. कोर्टात तारखेवर तारीख पडते तेव्हा कंटाळा येणारच. तो नेमका कुठे आला आणि त्या वेळी पडद्यावर कोण कशासाठी ताटकळत होतं, ते टिपा. दुसऱ्यांदा फक्त खुणा केलेले सीन बघा. त्यातले दोनच घ्या. एका प्रसंगाला एकच संकल्पना. मार्क्स, वेबर, दुरखेम या समाजशास्त्रातल्या तिन्ही बड्या विचारवंतांना एका परिच्छेदात कोंबलंत की मला कळतं, गाइड शेजारी उघडं होतं.

शेवटचा परिच्छेद ‘अशा प्रकारे’ने सुरू होत असेल तर सरळ काट मारा, काही बिघडत नाही. आणि पात्रांची नावं तेवढी तपासा. गेल्या खेपेला अर्ध्या वर्गाने नूतनची नीलम करून टाकली होती.