अर्धवट राहिलेली गारद्यांची पलटण

१७६१ च्या पानिपतासाठी घेतलेली इब्राहिमखान गारदी यांच्या पायदळाची, २८ मिलिमीटरच्या चिमुकल्या प्रतिकृती-शिपायांची पलटण अर्धी रंगवून झाली असतानाच मी १८०३ च्या असईच्या लढाईकडे वळलो, आणि असईच्या तोफा रंगण्यापूर्वीच १८१५ च्या वॉटर्लूचे १५ मिलिमीटरचे फ्रेंच शिपाई मागवले. नौपाड्यातील आमच्या लहानशा घरात तिन्ही युद्धे एकाच टेबलावर अर्धवट पडून होती.

मी बराच काळ स्वतःच्या चंचलपणालाच दोष देत होतो. परंतु कामाची वही नीट वाचल्यावर लक्षात आले की मन उडाले ते प्रत्येक वेळी प्रायमरपाशी, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराच्या थरापाशी. ठाण्याच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की फवाऱ्याचा प्रायमर पांढुरका व खरखरीत बसतो; म्हणून मी कोरड्या दिवसाची वाट पाहत असे, आणि त्या रिकाम्या दिवसांत नवा संच उघडला जाई.

आता मी ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर वापरतो आणि तो वाळेपर्यंत त्याच पलटणीच्या पुढच्या शिपायांच्या पायांखालच्या बैठका गोंद व वाळूने तयार करतो. एका वेळी सहाच शिपाई घेतो, कारण त्याहून अधिक घेतल्यास एकच रंग पुन्हा पुन्हा देताना हात मंदावतो. उरलेली खोकी आईने माळ्यावर ठेवली आहेत. गेल्या शनिवारी चोविसावा गारदी पूर्ण झाला. आता त्यांच्या तोफा घ्यायच्या आहेत.