मॉडेल जहाजाचा लाकडी डेक: या चुका टाळा

सांगाडा सरळ, बाहेरची लाकडी कातडी नितळ, दोर जागच्या जागी, आणि तरीही डेककडे नजर गेली की मॉडेल खेळण्यासारखं वाटतं. अशा वेळी बहुतेक जण पॉलिश बदलून बघतात. दोष सहसा मापात असतो. १:६४ प्रमाणात १ मिमी म्हणजे खऱ्या जहाजावरचे ६४ मिमी, जवळजवळ अडीच इंच. डेकवर काहीही लावण्याआधी हा गुणाकार करायची सवय लावून घ्या.

रुंदी-लांबी अंदाजपंचे ठरवणं

अठराव्या शतकाच्या अखेरच्या युद्धनौकेवर डेकची फळी साधारण ८ ते १० इंच रुंद आणि २० ते २५ फूट लांब असे. १० इंची फळी १:४८ ला ५.३ मिमी, १:६४ ला ४ मिमी आणि १:१०० ला २.५ मिमी भरते. २४ फुटांची लांबी त्याच क्रमाने सुमारे १५२, ११४ आणि ७३ मिमी होते. हाताशी ५ मिमीची पट्टी आहे म्हणून ती १:१०० च्या मॉडेलवर लावली, तर खऱ्या जहाजावर वीस इंची फळी होईल. यॉटचं गणित वेगळं, तिथे फळ्या खूपच अरुंद असतात. तेव्हा आधी जहाज कोणतं ते ठरवा, मग पट्टी कापा.

नाकापासून शेपटापर्यंत एकच अखंड पट्टी लावणं ही याचीच दुसरी बाजू. एवढी लांब फळी देणारं झाड कोणत्याच गोदीत आलं नव्हतं.

सागवानाचा हट्ट

मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका सागवानाची. मग तिचं मॉडेलही सागवानाचंच हवं, असा आग्रह बऱ्याच जणांचा असतो. पण सागवानाची छिद्रं ०.२ ते ०.३ मिमीची असतात. १:६४ ला त्या तेरा ते एकोणीस मिलिमीटरच्या भेगा झाल्या. लाकूड खरं, देखावा खोटा! बारीक पोताचं हळदू किंवा मेपल घ्या आणि रंगछटा पॉलिशने आणा. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये व्हिनिअर, म्हणजे लाकडाची पातळ शीट, घेताना जाडी व्हर्नियर कॅलिपरने स्वतः मोजा. घासण्यात ०.१ मिमी सहज जातो, म्हणून ०.५ मिमीपेक्षा पातळ शीट डेकसाठी घेऊ नका. अख्खा डेक एकाच शीटमधून निघाला पाहिजे. गडद-फिकट पट्ट्या मुद्दाम आलटून पालटून लावल्या की दिवाणखान्याची फरशी तयार होते.

डांबराची रेघ जाड पडणं

सगळ्यात जास्त डेक इथेच बिघडतात. खऱ्या जहाजावर फळ्यांमधल्या फटीत जुन्या दोरांचे डांबरी तंतू ठासून वर गरम डांबर ओतत. ती फट सहा-आठ मिलिमीटरची धरली तर १:६४ ला रेघ जेमतेम ०.१ मिमीची येते. काळ्या कार्डशीटची पट्टी साधारण ०.२५ मिमी असते, म्हणजे खऱ्या डेकवर बोटभर रुंद डांबर. त्याऐवजी अप्पा बळवंत चौकात ८० ग्रॅमचा काळा कागद मिळतो, तो जवळपास ०.१ मिमीचा असतो. १:७२ पेक्षा लहान प्रमाणाला कागदही जाडच पडतो. तिथे २बी पेन्सिल पुरते.

पेन्सिल लावायची पद्धत अशी: वीस-पंचवीस पट्ट्या एकत्र दाबून शिकंज्यात धरा आणि गठ्ठ्याच्या एकाच लांब कडेवर आणि एकाच टोकावर पेन्सिल फिरवा. दोन्ही कडा काळ्या केल्या की प्रत्येक सांध्यात दुहेरी रेघ उमटते.

परमनंट मार्करच्या वाटेला जाऊ नका. शाई आडव्या टोकातून लाकडाच्या रेषांमध्ये शिरते. वरून स्पिरिटमधलं चपडा लाखेचं पॉलिश लावलंत की तीच शाई पुन्हा विरघळून फळीभर पसरते, आणि मग ती निघत नाही. काळ्या कागदाचाही रंग ओल्या डिंकाने कधीकधी सुटतो. एक तुकडा पाण्यात बुडवून पांढऱ्या कापडावर दाबा. डाग पडला तर तो कागद नको.

कागद वापरणार असाल तर त्याची जाडीही हिशेबात धरा. ४ मिमीच्या तीस फळ्यांमध्ये प्रत्येकी ०.१ मिमी धरला तरी डेक ३ मिमीने रुंद होतो आणि कडेची फळी अर्धवट उरते. पट्टी ३.९ मिमीची कापा.

सांधे कुठेही पाडणं

विटांच्या भिंतीसारखं एकाआड एक अर्ध्यावर सांधा पाडायचा, ही सोपी वाट चुकीची आहे. फळीचं टोक खालच्या तुळईवरच टेकलं पाहिजे, आणि एकाच तुळईवर शेजारी-शेजारी टोकं आली तर डेक तिथे कमजोर होतो. १:६४ साठी डेकवर दर २३ मिमीवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारा. या तुळयांच्या जागा. पाच अंतरांची एक फळी, म्हणजे ११५ मिमी. पहिल्या ओळीचा सांधा १ नंबरच्या तुळईवर, दुसरीचा ३, तिसरीचा ५, चौथीचा २, पाचवीचा ४ आणि सहावीचा पुन्हा १. शेजारच्या ओळींतले सांधे त्यामुळे नेहमी किमान दोन तुळयांनी दूर राहतात आणि एका तुळईवरच्या दोन सांध्यांमध्ये चार फळ्या येतात. मधल्या रेषेपासून सुरू करा आणि डाव्या-उजव्या बाजूला आळीपाळीने एकेक फळी लावा. एक बाजू पुरी करून दुसरीकडे गेलात तर दोन्ही बाजू जुळणार नाहीत.

डेक सपाट ठेवणं

डेकला मध्ये उंचवटा असतो, पाणी कडेला वाहून जावं म्हणून. नकाशात तो दिलेला नसेल तर रुंदीच्या पन्नासाव्या भागाइतका धरा. १२० मिमी रुंदीला सुमारे अडीच मिलिमीटर होतो. खालचा प्लाय ०.८ ते १ मिमीचाच घ्या आणि त्याच्या वरच्या थराच्या रेषा जहाजाच्या लांबीच्या दिशेने ठेवा, म्हणजे तो आडवा सहज वाकतो.

नाकाकडे फळी निमुळती करणं

कडेच्या वळणाशी फळी तिरकी कापली की तिला लांब, पातळ टोक येतं. खऱ्या जहाजावर अशा टोकात खिळा धरत नाही, डांबरही टिकत नाही आणि लाकूड चिरतं. म्हणून डेकच्या कडेने वळत जाणाऱ्या फळीत खाच पाडून बोथट टोक तिच्यात बसवतात. ठोकताळा सोपा आहे: तिरक्या कापाची लांबी फळीच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त झाली की खाच हवी आणि टोकाची रुंदी फळीच्या निम्मी ठेवावी. ४ मिमीच्या फळीला २ मिमीचं टोक येईल. आधी फळीचं टोक कापून घ्या, ते कडेच्या फळीवर ठेवून ब्लेडच्या टोकाने खूण करा आणि खाच २ मिमीच्या पटाशीने काढा. उलट क्रमाने, आधी खाच पाडून मग तिच्यात बसेल अशी फळी कापायला गेलात तर फट राहणारच. एकोणिसाव्या शतकातल्या जहाजांवर ही पद्धत सर्रास दिसते. त्याआधीच्या जहाजासाठी नकाशा आधी पाहून घ्या.

डिंक आणि पुण्याची हवा

इन्स्टंट ग्लूने फळ्या चटकन बसतात, म्हणून मोह होतो. तो लाकडात मुरतो आणि तेवढ्या जागी पॉलिश चढत नाही. चकचकीत ठिपके शेवटी दिसतात, तेव्हा उशीर झालेला असतो. फेविकॉलसारखा पांढरा डिंक बरा, फक्त त्यात पाणी असतं. व्हिनिअरला जाड थर लावला की एका बाजूने फुगून पट्टी वाकते, वाळल्यावर आकसते आणि फटी पडतात. डिंक पट्टीला न लावता प्लायवर लावा, कार्डाच्या कडेने निपटून अगदी पातळ करा. एका वेळी तीन-चार फळ्या बसवा, वर प्लॅस्टिक कागद आणि सपाट वजन ठेवा आणि रात्रभर हात लावू नका.

हवेचा भाग मात्र इथे नडतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड फुगलेलं असतं, मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी तेच आकसतं. लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला तर आडव्या रुंदीत साधारण एक टक्का फरक पडतो. म्हणजे भर पावसात घट्ट बसवलेल्या डेकला उन्हाळ्यात केसाएवढ्या फटी दिसल्या तर नवल नाही. उपाय म्हणजे पट्ट्या आणि सांगाडा आठवडाभर एकाच खोलीत ठेवा. पावसाळ्यात काम थांबवायचं नसेल तर पट्ट्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात ठेवा. प्लायच्या खालच्या बाजूलाही लाखेचा एक हात द्या, नाहीतर ओलावा एकाच बाजूने शिरून अख्खा डेक तिरपा होतो.

खिळ्यांचे गोवर

डेकचा लाकडी खिळा सव्वा इंची धरला तर १:६४ ला ०.५ मिमी. १ मिमीचे काळे ठिपके म्हणजे अडीच इंची खुंट्या. ०.४ किंवा ०.५ मिमीच्या ड्रिलने भोक पाडा आणि फळीपेक्षा किंचितच गडद पुट्टी भरा. एका फळीला आठ ते बारा भोकं लागतात, म्हणजे दोनशे फळ्यांना दोन हजारांच्या आसपास. बोहरी आळीतून या मापाचे ड्रिल एकदम चार-पाच घ्या, ते मोडतातच. १:७२ पेक्षा लहान मॉडेलवर खिळे न दाखवलेलेच चांगले.

घासणं आणि बिघडलेलं सावरणं

पॉलिश पेपरची काळी पूड फिकट लाकडात बसते आणि डेक मळकट होतो. आधी सरळ ब्लेड उभं धरून हलक्या हाताने खरवडा, मग ३२० नंबरचा पेपर फक्त फळीच्या लांबीच्या दिशेने फिरवा. दर काही फेऱ्यांनी पूड ब्रशने झाडा. वरून मॅट फिनिशच द्या.

कुठे फळी उचलली असेल तर पांढऱ्या डिंकाचा एक गुण कामी येतो, तो उष्णतेने मऊ पडतो. वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री पाच-सहा सेकंद दाबा आणि लगेच थंड वजन ठेवा. एकच फळी बदलायची असेल तर दोन्ही कडांच्या रेघांवरून ब्लेड फिरवा आणि ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दहा मिनिटं थांबा. मग मधून उकलत कडांकडे या, म्हणजे शेजारच्या फळ्यांच्या कडा शाबूत राहतात. अल्कोहोल चपडा लाखही विरघळवतं, त्यामुळे ही दुरुस्ती पॉलिशच्या आधी उरका.